फॉस्फरमध्ये पीएचडी होत आलीय, आता सोलर सेलच्या ऑप्टिकल इन्स्ट्रुमेंटवरच्या पोस्टडॉकसाठी अर्ज करू का?

प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. नागपूर युनिव्हर्सिटीतून फिजिक्समध्ये पीएचडी करून राहिलेला एक मुलगा आहे, काम फॉस्फरवर, म्हणजे ऊर्जा दिली की चमकणाऱ्या पदार्थांवर, युरोपियम, डिस्प्रोशियम थोडं मिसळून (डोप करून) पावडर बनवायची, एक्सआरडी काढून स्फटिकाची रचना बघायची, स्पेक्ट्रोफ्लुरोमीटरवर पीएल (फोटोल्युमिनेसन्स, प्रकाश टाकल्यावर निघणारा प्रकाश) घ्यायचं, काही सॅम्पलचं टीएल (थर्मोल्युमिनेसन्स, तापवल्यावर निघणारा प्रकाश). थीसिस सबमिट व्हायच्या बेतात आहे. त्याला युरोपातल्या एका ग्रुपची जाहिरात दिसली, सोलर सेलच्या मटेरियलसाठी ऑप्टिकल इन्स्ट्रुमेंट डेव्हलप करायची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, दोन वर्षांची. तो विचारतो की मी आजवर एकही इन्स्ट्रुमेंट बनवलेलं नाही, पेरोव्स्काइटला (सोलर सेलच्या एका नव्या प्रकारच्या मटेरियलला) हात लावलेला नाही, तर अर्ज करण्यात अर्थ आहे का, अन् घरचे म्हणतात की कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) लागून जा, जागा निघाल्या की परमनंट होशील, तर काय करू.

अर्ज कर. मी पण नागपूरचाच आहे, एमएस्सी इथलीच, अन् गेली बरीच वर्षं सोलर मटेरियलचं ल्युमिनेसन्स मोजायचे सेटअप उभे करणं हेच माझं काम आहे, अशा जागांसाठी आलेले अर्जही वाचतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्यासारखी बरीच पोरं अशी जाहिरात वाचून "हे इंजिनिअरवाल्यांचं काम आहे" म्हणून सोडून देतात आणि ते मला खरंच खटकतं.

आधी "डेव्हलप" या शब्दाला घाबरू नको. लेन्स घासायच्या नाहीत की लेसर बनवायचा नाही. लेसर, फिल्टर, लेन्स, स्पेक्ट्रोमीटर, कॅमेरा हे सगळं विकत येतं, ते ऑप्टिकल टेबलावर बसवायचं, अलाइन करायचं, पायथॉनमध्ये कंट्रोलचा कोड लिहायचा, कॅलिब्रेट करायचं, आणि मग ग्रुपमधले सॅम्पल बनवणारे लोक जे आणून देतील ते मोजायचं. लोकांना वाटतं की अलाइनमेंट हेच मोठं काम आहे, पण ते हात बसला की होऊन जातं. खरा वेळ जातो तो आलेला आकडा खरा आहे की नाही हे तपासण्यात. भटका प्रकाश कुठून येतो, लेसरची पॉवर दुपारपर्यंत किती सरकली, डिटेक्टर सगळ्या वेव्हलेंग्थला सारखा प्रतिसाद देतो का, सॅम्पलच मोजता मोजता बदलून राहिलं का. पोस्टडॉक घेताना समोरचा हेच बघत असतो, की हा माणूस आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी त्याला चारही बाजूंनी ठोकून बघतो का.

आता हे मोजमाप करतात कशासाठी ते नीट समजून घे, कारण इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न इथूनच येतो. सोलर सेलचं काम प्रकाश घेऊन करंट देणं, मग त्यातून बाहेर पडणारा प्रकाश कशाला मोजायचा? कारण चांगला सोलर सेल हा चांगला एलईडीच असतो. मटेरियलमध्ये तयार झालेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर मागे राहिलेली रिकामी जागा) जर डिफेक्टमध्ये जाऊन उष्णतेत वाया जात नसतील तर त्यांना परत जुळायला एकच वाट उरते, फोटॉन सोडायची. त्यामुळे किती टक्के फोटॉन परत बाहेर येतात, म्हणजे पीएल क्वांटम यील्ड, यावरून सेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (करंट न घेता मिळणारं जास्तीत जास्त व्होल्टेज) कुठपर्यंत जाऊ शकेल ते सेल बनवायच्या आधीच सांगता येतं. हिशोब सोपा आहे, खोलीच्या तापमानाला यील्ड दर दहापटीनं कमी झालं की सुमारे ६० मिलीव्होल्ट गेले. १.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट बँडगॅपच्या (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या) पेरोव्स्काइटसाठी थिअरीची मर्यादा साधारण १.३२ व्होल्ट धरली तर यील्ड १ टक्का असताना १.२० च्या आसपास, आणि ०.०१ टक्का असताना १.०८. आता काचेवर नुसती फिल्म घे, यील्ड मोज, मग त्याच फिल्मखाली होल ट्रान्सपोर्ट लेयर (होल बाहेर नेणारा थर) टाकून मोज, मग वरून इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट लेयर टाकून मोज. कुठल्या पायरीला आकडा धाडकन पडला ते दिसतं, म्हणजे व्होल्टेज खाणारा इंटरफेस (दोन थरांची हद्द) कोणता ते कळतं, आणि हे सगळं सोन्याचा किंवा चांदीचा कॉन्टॅक्ट न लावता, सॅम्पलला हातही न लावता. पेरोव्स्काइटचे पहिले सोलर सेल २००९ मध्ये जपानमध्ये ३.८ टक्के कार्यक्षमतेचे झाले, आज सिलिकॉनवर पेरोव्स्काइट बसवलेले टँडेम ३४ टक्क्यांच्या वर गेलेत, या प्रवासात कुठल्या थरात किती गळती होते हे शोधण्यात या मोजमापाचा मोठा हात आहे. म्हणूनच ग्रुपांना रेडीमेड मशीन पुरत नाही, त्यांना असा माणूस लागतो जो त्यांच्या सॅम्पलसाठी, त्यांच्या ग्लोव्हबॉक्समध्ये (बाहेरून हातमोज्यांतून काम करायच्या हवाबंद पेटीत) बसेल असा सेटअप करून देईल.

यामागची थिअरी म्हणजे प्लँकचा नियमच, फक्त त्यात इलेक्ट्रॉन-होलची जादा ऊर्जा घातलेली, पीटर वुर्फेल या भौतिकशास्त्रज्ञानं १९८२ मध्ये मांडलेला. आणि सेलमधून करंट सोडला की निघणारा प्रकाश आणि सेलचा फोटोव्होल्टाइक प्रतिसाद यांचं नातं उवे राऊनं २००७ मध्ये दाखवलं. हे दोन पेपर बसून, वहीत डेरिव्हेशन करत वाच. नुसता अॅबस्ट्रॅक्ट वाचून चालणार नाही.

आता तुझ्या फॉस्फरच्या कामाकडे येतो. नागपुरात ल्युमिनेसन्सचं काम पिढ्यान् पिढ्या चाललंय, त्यामुळे एक्सायटेशन स्पेक्ट्रम, क्वेंचिंग (चमक विझणं), ट्रॅप (इलेक्ट्रॉन अडकवणारे डिफेक्ट) या गोष्टी तुझ्या अंगात मुरलेल्या आहेत, आणि टीएलचा ग्लो कर्व्ह ज्यानं काढलाय त्याला ट्रॅपची खोली म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. ही मोठी जमेची बाजू आहे, ती अर्जात ठळक लिही. पण तीन गोष्टी बदलतात. पहिली, तू आजवर यूव्हीनं एक्साइट करून दिसणारा प्रकाश मोजलास, इथे ४०५, ५३२ किंवा ६३८ नॅनोमीटरच्या लेसरनं मारून लाल आणि इन्फ्रारेडमधलं मोजायचं. आयोडाइडचं पेरोव्स्काइट ७७० ते ७८० च्या आसपास देतं, सिलिकॉन तर ११३० ते ११५० मध्ये, जिथे साधा सिलिकॉनचा डिटेक्टर जवळपास आंधळा होतो आणि इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा लागतो. दुसरी, युरोपियमचा डिके (चमक विझायला लागणारा वेळ) मिलीसेकंदात असतो, इथे पेरोव्स्काइटमध्ये नॅनोसेकंद ते मायक्रोसेकंद. आणि तिसरी, जी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे वाय अॅक्सिस. आपल्याकडे पेपरमध्ये इंटेन्सिटी लिहून पुढे आर्बिट्ररी युनिट लिहिलं की झालं. दोन सॅम्पलची तुलना करायची असेल तर ते चालून जातं. इथे नाही चालत. इथे फोटॉन मोजावे लागतात, किती पडले, किती शोषले, किती परतले, कारण त्या आकड्याचा लॉग घेऊन व्होल्टेज काढायचंय.

कॅलिब्रेशनवर मी जरा रेंगाळतो, कारण माझ्या मते ही नोकरी म्हणजे हेच आहे.

समज, तू ४०५ चा लेसर घेतलास, सॅम्पल ठेवलं, ग्रेटिंगच्या स्पेक्ट्रोमीटरवर स्पेक्ट्रम बघितला, ७८० ला छान पीक आणि त्याच्या उजव्या खांद्यावर ८१० ला एक छोटा टोकदार कोंब. नवा माणूस म्हणेल दुसरा फेज सापडला, पेपर लिहू. तो ४०५ चा लेसरच आहे, ग्रेटिंगच्या सेकंड ऑर्डरमध्ये दुप्पट वेव्हलेंग्थला दिसतो. लाँगपास फिल्टर (ठराविक वेव्हलेंग्थच्या पुढचाच प्रकाश सोडणारा) नीट लावला की गायब. मग हिरव्या ५३२ वर गेलास तर वेगळीच भानगड, स्वस्त हिरवे लेसर आतून ८०८ च्या डायोडनं चालतात आणि १०६४ बनवून त्याचा दुप्पट फ्रिक्वेन्सीचा हिरवा करतात, आणि बरेचदा हे ८०८ आणि १०६४ दोन्ही बाहेर गळतात, ८०८ पेरोव्स्काइटच्या शेपटीत, १०६४ सिलिकॉनच्या पीकच्या डाव्या अंगाला. त्यासाठी लेसरच्या तोंडाशी इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर हवा. आणि ही गळती डोळ्याला दिसत नाही पण डोळा जाळते, त्यामुळे गॉगल घेताना तो ५३२ सोबत ८०८ आणि १०६४ पण अडवतो का ते त्याच्यावर छापलेल्या आकड्यात बघून घे. अजून एक, रंगीत काचेचे लाँगपास फिल्टर जोरदार लेसरखाली स्वतःच फ्लोरेसन्स देतात. म्हणून सॅम्पलच्या जागी नुसती काच ठेवून, मग पांढरा डिफ्यूजर ठेवून तोच स्पेक्ट्रम काढायचा, दरवेळी. सॅम्पल नसतानाही पीक येत असेल तर ते सॅम्पलचं नाही, एवढी साधी गोष्ट आहे, पण ती करायची सवय लागते.

दोन फिल्टरची ही युक्ती जुनीच आहे बरं का. रामन यांनी १९२८ मध्ये सूर्यप्रकाशाच्या वाटेत निळा-जांभळा फिल्टर आणि डोळ्यासमोर त्याला पूरक पिवळा-हिरवा फिल्टर ठेवूनच बदललेला प्रकाश वेगळा काढला होता, आणि त्याच्या आधी सरकारी नोकरीत असताना ते काही काळ आपल्या नागपुरात होते. गांधीसागरच्या रामन सायन्स सेंटरला आपण सगळे शाळेच्या ट्रिपला गेलोय.

मग स्पेक्ट्रमचा आकार दुरुस्त करायचा. कॅलिब्रेटेड हॅलोजन दिवा मिळतो, त्याचा कुठल्या वेव्हलेंग्थला किती प्रकाश येतो याची फाइल सोबत असते, तो सेटअपमधून मोजायचा, भागाकार करायचा, करेक्शन फॅक्टर निघतो. दिव्याचा प्रकाश सॅम्पलच्याच जागेवरून यायला हवा, नाहीतर लेन्सचा आणि फायबरचा हिशोब चुकतो. आणि वेव्हलेंग्थवरून इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये जाताना नुसता १२४० भागिले नॅनोमीटर करून एक्स अॅक्सिस बदलला तर अर्धंच काम झालं, इंटेन्सिटीला वेव्हलेंग्थच्या वर्गानं गुणावं लागतं, कारण एका नॅनोमीटरमधले फोटॉन आणि एका इलेक्ट्रॉन व्होल्टमधले फोटॉन सारखे नसतात. रुंद पीक असेल तर त्याची जागाच सरकते. छापून आलेल्या पेपरांतही हे सुटलेलं दिसतं. इंटरव्ह्यूत तू हे आपणहून बोललास तर समोरचा खुर्चीत सरळ बसेल.

अॅब्सोल्यूट यील्डसाठी इंटिग्रेटिंग स्फिअर (आतून पांढरा पोकळ गोळा) वापरतात आणि १९९७ ची डी मेलोची पद्धत, त्यात तीन मोजमापं, रिकाम्या गोळ्यात लेसर, मग सॅम्पल आत पण लेसर त्याच्यावर न मारता गोळ्याच्या भिंतीवर, आणि मग थेट सॅम्पलवर. मधलं मोजमाप यासाठी की भिंतीवरून विखुरलेला लेसर पण सॅम्पल थोडा शोषतं, तो वेगळा काढता यावा. स्फिअरच्या आतला पांढरा लेप मळला की तिन्ही आकडे हलतात. हातमोजे न घालता कोणी सॅम्पल होल्डर धरला तर मला राग येतो, तो याचसाठी.

आणि किती प्रकाश पडतोय याचा हिशोब. पेपरमध्ये "एक सूर्य" म्हणतात, म्हणजे उन्हात सेलमध्ये जेवढे इलेक्ट्रॉन-होल तयार होतात तेवढेच लेसरनं तयार करायचे. १.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पेरोव्स्काइटसाठी दर चौरस सेंटीमीटरला सेकंदाला साधारण १.५ गुणिले १० चा १७ वा घात इतके फोटॉन, म्हणजे ५३२ च्या लेसरचे सुमारे ६० मिलीवॉट दर चौरस सेंटीमीटर. आता १ मिलीवॉट लेसर घे, किरकोळ वाटतो, पण १०० मायक्रॉनच्या ठिपक्यावर फोकस केला की दर चौरस सेंटीमीटरला जवळपास १३ वॉट, म्हणजे दोनशे सूर्यांच्या वर. ठिपका १० मायक्रॉन केला तर अजून शंभरपट. इतक्या प्रकाशात डिफेक्ट भरून जातात, यील्ड छान दिसतं, आणि कागदावरचं मटेरियल छतावरच्या उन्हात मात्र तसं वागत नाही. म्हणून ठिपक्याचा साइज मोजल्याशिवाय आलेला यील्ड मी वाचतसुद्धा नाही. तू ०.१ सूर्यापासून १० सूर्यांपर्यंत पॉवर बदलून मोज, लॉग-लॉग ग्राफचा उतार बघ, त्यात रीकॉम्बिनेशनची (इलेक्ट्रॉन-होल परत जुळण्याची) अर्धी गोष्ट कळते. आणि मोजता मोजता मटेरियल बदलतं, हे पण डोक्यात ठेव. आयोडाइड-ब्रोमाइड मिसळलेल्या पेरोव्स्काइटमध्ये प्रकाशाखाली आयोडाइड वेगळं होऊन पीक लालकडे सरकतं, २०१५ मध्ये दाखवलं गेलं, होक इफेक्ट म्हणतात. तो सेटअपचा दोष नाही, पण पहिल्या सेकंदाचा स्पेक्ट्रम आणि दहाव्या मिनिटाचा स्पेक्ट्रम वेगवेगळे साठवले नाहीत तर तुला ते कळणारच नाही.

टाइम-रिझॉल्व्डबद्दल थोडक्यात. एकेक फोटॉन मोजणाऱ्या टीसीएसपीसीत दर पल्सला पहिला आलेला फोटॉनच मोजला जातो, जसं लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा आलेल्याचीच नोंद झाली आणि मागून आलेले राहून गेले, तर वाटेल की सगळे लवकरच आले. म्हणून काउंट रेट लेसरच्या रेपिटिशन रेटच्या (सेकंदाला किती पल्स, त्याच्या) १ ते ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, नाहीतर लाइफटाइम खोटाच छोटा दिसतो. आणि रेपिटिशन रेट मटेरियल बघून निवडायचा, ४० मेगाहर्ट्झला दोन पल्समध्ये फक्त २५ नॅनोसेकंद असतात, लाइफटाइम एक मायक्रोसेकंद असेल तर मागच्या पल्सचे कॅरिअर (इलेक्ट्रॉन-होल) गेलेले नसतानाच पुढचा पल्स येऊन बसतो. डबल एक्सपोनेन्शिअल फिट करून टाऊ-एक, टाऊ-दोन असे दोन लाइफटाइम काढायची घाई करू नको, आधी विचार की दोन का, त्या दोघांचा भौतिक अर्थ काय. फॉस्फरवाल्यांना ही सवय जड जाते असं मी बघितलंय.

मग आता नागपुरात बसून काय करता येईल? बरंच. तुमच्या डिपार्टमेंटच्या स्पेक्ट्रोफ्लुरोमीटरला करेक्शन फाइल आहे का, सॉफ्टवेअरमध्ये ती चालू आहे का ते शोध, आणि तुझंच एक सॅम्पल करेक्शन लावून आणि न लावता मोज, फरक प्लॉट कर. हा एक ग्राफ अर्जात घालायच्या लायकीचा आहे. दुसरं, एक साधा पीएल सेटअप उभा कर, लेसर मॉड्यूल, लाँगपास फिल्टर, फायबरचा छोटा स्पेक्ट्रोमीटर कोणाकडून मागून, आणि डेटा पायथॉननं घे. मोटर, रास्पबेरी पाय, छोटे सुटे भाग सीताबर्डीत मिळून जातील, फिल्टर मात्र चांगला मागव, तिथे पैसे वाचवू नको. डिपार्टमेंटला ठराविक फ्रिक्वेन्सीचाच सिग्नल वेचणारा लॉक-इन अॅम्प्लिफायर पडून असेल तर चॉपर (प्रकाश ठेक्यात अडवणारी फिरती चकती) लावून शिकून घे, चॉपर ५० किंवा १०० हर्ट्झवर किंवा त्यांच्या पटीत कधीच ठेवू नको, ट्यूबलाइट आणि मेनचा सगळा कचरा तिथेच बसलेला असतो, ७३ किंवा १३७ असलं काहीतरी धर.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. सिलिकॉनचा एक सुटा सेल मिळव, रूफटॉप सोलर लावणाऱ्यांकडे तडकलेले पॅनल पडलेले असतात. अंधाऱ्या खोलीत त्याला फॉरवर्ड बायस देऊन (सेलच्या प्लसला सप्लायचा प्लस जोडून) त्याच्या शॉर्ट सर्किट करंटइतका (उन्हात दोन टोकं थेट जोडल्यावर मिळतो तेवढा) करंट सोड, आणि एका जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोरचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढून लांब एक्स्पोजरनं फोटो घे. सिलिकॉनचा एमिशन ११०० च्या पलीकडे, पण त्याची डावी शेपटी १००० ते ११०० मध्ये असते आणि कॅमेऱ्याचा सेन्सर तिथे थोडंफार बघतो, तेवढं पुरतं. सेल राखाडी चमकताना दिसतो, आणि जिथे तडा गेलाय, सेलवर छापलेली धातूची बारीक रेघ (फिंगर) तुटलीय, तिथे काळे पट्टे. पॅनलच्या कारखान्यांत ईएल (इलेक्ट्रोल्युमिनेसन्स) टेस्ट म्हणतात ती हीच. मग अंधारातला फोटो वजा कर, दोन करंटला घेतलेल्या फोटोंचं गुणोत्तर काढ, सिरीज रेझिस्टन्स कुठे जास्त आहे ते दिसायला लागतं. अशा फोटोंचं एक पान आणि त्याचा कोड गिटहबवर ठेवलेला, हे तुझ्या सीव्हीतल्या तीन फॉस्फर पेपरांपेक्षा या जागेसाठी जास्त बोलेल. मी असे अर्ज बाजूला काढून ठेवतो.

उन्हाळ्याबद्दल एक सांगून ठेवतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना लॅबमध्ये कूलर लावून लेसरचं काम करू नको. कूलर म्हणजे दमट हवा आणि धूळ दोन्ही, लेन्सला बुरशी लागते आणि पेरोव्स्काइट असेल तर ओलाव्यानं पिवळं पडून जातं. आणि थंड न केलेल्या सिलिकॉन डिटेक्टरचा डार्क करंट (प्रकाश नसतानाही येणारा करंट) दर सातआठ अंशांना साधारण दुप्पट होतो, म्हणजे सकाळी घेतलेला डार्क स्पेक्ट्रम दुपारच्या डेटातून वजा केला की निकाल बिघडला. एसीची खोली नसेल तर सकाळी सहा ते दहा काम कर आणि दर काही स्पेक्ट्रममागे डार्क परत घे, तापमान फाइलच्या नावातच लिहून ठेव.

अर्जाचं पत्र एका पानाचं ठेव. "आय अॅम हार्डवर्किंग" वगैरे काढून टाक, त्याच्या जागी असं एक मोजमाप लिही ज्याच्यावर तुला शंका आली, तू ती कशी तपासलीस आणि काय निघालं. टीएलमध्ये हीटिंग रेट बदलल्यावर पीक सरकलं आणि तो थर्मोकपलचा उशीर आहे की खरा ट्रॅप हे तू कसं ठरवलंस, असलं काही. तुझ्याकडे अशी उदाहरणं असणारच, पीएचडीत प्रत्येकाकडे असतात, फक्त आपल्याकडे ती थीसिसमध्ये लिहायची पद्धत नाही. इंटरव्ह्यूत विचारतात की हे पीक लेसरची गळती नाही कशावरून, पॉवर दुप्पट केली तर सिग्नल किती होईल, सॅम्पल दोनशे आणि वेळ एक दिवस असेल तर काय ऑटोमेट करशील. फळ्यावर हिशोब करत उत्तर दे, उत्तर अर्धवट राहिलं तरी चालतं, विचार कसा करतोस ते बघतात.

तूही त्यांना प्रश्न विचार, आणि ते न लाजता विचार. टेबल आणि लेसर आलेत की ऑर्डर अजून जायचीय? कारण लेसर यायला महिने जातात आणि दोन वर्षांतलं बरंचसं वाट बघण्यात निघून जातं. मी दुसऱ्यांची सॅम्पल मोजून दिली तर पेपरवर माझं नाव कुठे येतं? सेटअपचा स्वतंत्र पेपर लिहायला मिळेल का? माझ्या वेळातला किती भाग सर्व्हिस मोजमापाला जाईल? इन्स्ट्रुमेंटवाल्या पोस्टडॉकचा खरा धोका हाच आहे, माणूस सगळ्या ग्रुपचा ऑपरेटर होऊन जातो, वीस पेपरांत मधलं नाव आणि स्वतःचं एकही नाही. चांगले पीआय (ग्रुपप्रमुख) या प्रश्नावर सरळ उत्तर देतात, गोल गोल बोलले तर दोनदा विचार कर. आणि आधी त्या जागेवर होता त्याला ईमेल करून विचार, लोक खरं सांगतात.

एकाच जाहिरातीवर थांबू नको. आयआयटी मुंबईत २०१० पासून नॅशनल सेंटर फॉर फोटोव्होल्टाइक रिसर्च अँड एज्युकेशन आहे, कॅरॅक्टरायझेशनचं काम तिथे भरपूर चालतं, त्यांच्या जागा बघत राहा. संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्र सरकारच्या एएनआरएफची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे, आधी एसईआरबीची होती तीच. युरोपात मारी क्युरीची फेलोशिप असते, पण तिला डेडलाइनच्या आत व्हायवा (पीएचडीची तोंडी परीक्षा) झालेला लागतो, त्यामुळे आत्ता लगेच नाही, पण होस्ट (तुला घेणारा तिथला ग्रुप) शोधायला आत्तापासून लाग.

घरच्यांचं. त्यांची काळजी खोटी नाही, परदेशात दोन वर्षं आणि मग काय हा प्रश्न त्यांना झोपू देत नसेल. पण सीएचबीचं मानधन तासांवर, सुट्टीत काहीच नाही, आणि परमनंट जागा कधी निघेल ते कोणाच्या हातात नाही. माझं स्पष्ट मत आहे की पीएचडीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं हातात कौशल्य घेण्यात घालव. प्राध्यापकाची जाहिरात निघाली तर परदेशातूनही अर्ज करता येतो, आणि स्वतः सेटअप उभा करता येणारा माणूस इथल्या कॉलेजात रिकाम्या खोलीत पण लॅब उभी करू शकतो. आईबाबांना जाहिरात मराठीत समजावून सांग, पगार किती, करार किती दिवसांचा, इन्शुरन्स आहे का, सगळे आकडे दाखव. नुसतं "स्कोप आहे" म्हटलं तर ते ऐकणार नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच आहे.

शेवटचं कामाचं. जाहिरातीत पीएचडी हवी लिहिलंय आणि तुझा व्हायवा बाकी असेल, तरी बरेच ग्रुप थीसिस सबमिट झाल्याच्या पत्रावर अर्ज घेतात, फक्त रुजू व्हायच्या आधी प्रोव्हिजनल सर्टिफिकेट मागतात. अर्जात व्हायवाचा अंदाजे महिना लिही, आणि सबमिशनचं पत्र सही-शिक्क्यासकट इंग्रजीत घेऊन स्कॅन करून ठेव. गाइडसोबत अजून दोन रेफरन्स लागतील, त्यातला एक तरी असा धर ज्यानं तुला इन्स्ट्रुमेंटपाशी काम करताना बघितलंय, मग तो दुसऱ्या डिपार्टमेंटचा असला तरी चालेल. त्याला आजच फोन कर, डेडलाइनच्या आदल्या दिवशी नको.